एकटा आणि एकटी

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. बँकेत कारकून आहे. मराठी घेऊन बी. ए. झाले आणि गेली बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून माणसे पाहते आहे. आपल्या चिटणीसांनी व्याख्यानासाठी फोन केला तेव्हा विषय मला सुचत नव्हता. बोलणे संपता संपता त्यांनी विचारले, "ताई, पत्रिकेत तुमच्या नावामागे काय छापू? कुमारी, सौभाग्यवती की श्रीमती?" मी म्हटले, "मागच्या रविवारच्या वक्त्यांच्या नावामागे काय छापलंत?" ते म्हणाले, "त्यांचं काय, ते श्री." त्या क्षणी माझा विषय ठरला.

पुरुष मिसरूड फुटल्यापासून 'श्री.' असतो. लग्न झाले तरी श्री., नाही झाले तरी श्री., बायको गेली तरी श्री. तो पुढे एकदम 'कै.'च होतो. मी मात्र सेहेचाळीसाव्या वर्षी 'कु.' लिहिले तर पोरे हसतात, आणि 'श्रीमती' लिहिले तर आमच्या चाळीतल्या बायका हळूच विचारतात, "अगं, कधी झालं तुझं लग्न, आणि कधी गेले ते?" म्हणजे बाईचे नाव सांगताना आधी तिचा नवरा आहे, नव्हता की गेला, एवढे सांगून टाकायचे. एकटेपण दोघांनाही येते. पण समाज एकट्याला एका नजरेने पाहतो आणि एकटीला दुसऱ्या. त्याविषयी आज दोन शब्द बोलणार आहे.

सुरुवात घरापासून करते. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. एकशे साठ चौरस फुटांची खोली. बाबा गिरणीत होते. घरात दोन मुले, दादा आणि मी. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. बाबा गेल्यावर घराची जबाबदारी दोघांवर आली आणि पुढे या ना त्या कारणाने दोघांचीही लग्ने राहिली. म्हणजे एकाच घरात, एकाच आईच्या हातचे जेवून, दोन अविवाहित माणसे वाढली. तुलना करायला याहून चांगले उदाहरण मला पुस्तकात सापडले नाही.

एकदा आई आजारी पडून तीन आठवडे इस्पितळात होती. मी रात्री तिच्याजवळ असे, दादा घरी. त्या तीन आठवड्यांत दादाच्या घरी चूल पेटली नाही. आज या खोलीतून भाकरी, उद्या त्या खोलीतून कालवण. "बिचारा एकटा आहे" असे म्हणत बायका डबा ठेवून जात. पुढच्याच वर्षी आई आणि दादा गावी गेले आणि मी आठ दिवस घरी एकटी होते. मला एकही डबा आला नाही. बाईला काय, स्वयंपाक येतोच. माझ्याकडे काय आले? समोरच्या काकूंनी आपली मुलगी रात्री झोपायला पाठवली. सोबत म्हणून. सकाळी त्या मुलीला गॅलरीत कोणीतरी विचारले, "रात्री कोणी आलं-गेलं नाही ना?" हे मी आतून ऐकले. काकूंच्या मनात वाईट काही नव्हते, त्यांची माया मी आजही विसरलेले नाही. पण हिशोब मांडून पाहा. दादाला डबा आला, मला सोबत आली. त्याची भूक चाळीला दिसली, माझ्या बाबतीत दिसला तो फक्त दरवाजा.

बाबांच्या पश्चात खोलीची भाडेपावती दादाच्या नावावर झाली. मला कोणी विचारले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. "तू काय, उद्या जाणारच आहेस," असे सगळे म्हणत. तो उद्या आला नाही. पगार मी आणते, वीजबिल मी भरते, पण कागदावर मी त्या घरात पाहुणी आहे.

बंधू-भगिनींनो, हे एका घराचे गाऱ्हाणे असते तर मी इथे सांगितले नसते. त्याच्या मुळाशी एक व्यवस्था आहे आणि ती व्यवस्था उलगडून दाखवणारा माणूस आपलाच आहे. १९१६च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. त्यात जातीची गुरुकिल्ली म्हणून त्यांनी काय सांगितले, ते विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. मी माझ्या भाषेत सांगते.

जात टिकवायची तर लग्ने जातीच्या आतच झाली पाहिजेत. त्यासाठी जातीत स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या जुळती राहिली पाहिजे. पण मरण काही जोडीने येत नाही. नवरा गेला की एक स्त्री जास्तीची होते. बायको गेली की एक पुरुष जास्तीचा होतो. जास्तीच्या स्त्रीची जातीला भीती वाटते. ती जातीबाहेर लग्न करील, नाहीतर जातीतच दुसऱ्या मुलीचा वर पळवील. म्हणून तिला एक तर चितेवर चढवा, नाहीतर आजन्म वैधव्यात कोंडा. आणि जास्तीच्या पुरुषाचे काय? त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. त्याच्यावर ब्रह्मचर्य लादणेही अवघड. म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी शोधा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली एकाच हिशोबातून निघाल्या, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. एकटा पुरुष हा समाजाला प्रश्न वाटतो तो त्याची सोय लावण्यापुरता. एकटी बाई हा धोका वाटतो.

हा हिशोब आपल्या मुंबईत कसा चालला तेही पाहा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली चौपाटीजवळ शारदा सदन काढले. विधवांना राहायला आणि शिकायला घर. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवा. बायको वारल्यावर धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली त्यांच्याशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. त्याच कर्व्यांनी दहा-अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले असते तर गाव लाडू खायला आले असते. आणि १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनी ठरवले की विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही. आपल्या उत्पन्नावर पाणी सोडून दुसऱ्याच्या घरच्या विधवेसाठी उभ्या राहिलेल्या त्या श्रमकऱ्यांची आठवण आपण ठेवली पाहिजे.

कोणी म्हणेल, हे वरच्या जातींचे झाले. आपल्यात तर पाट लागत होता, म्होतूर होत होते. खरे आहे. पण भाषा काय सांगते? दुसरेपणाच्या वराला 'बिजवर' असा नीटस शब्द आहे. बिनलग्नाचा राहिला तर 'सडाफटिंग', त्यातही थोडे कौतुकच. बिनलग्नाची राहिली तर 'घोडनवरी'. आणि विधवेसाठी जो जुना शब्द होता त्याची पुढे शिवी झाली. विधुराच्या शब्दाची शिवी झालेली मला अजून कुठे आढळली नाही.

आता आपल्या गिरणगावाकडे येऊ. परळ, लालबाग, नायगाव, शिवडी ही एके काळी एकट्या पुरुषांची वस्ती होती. १९२१च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेसुद्धा स्त्रिया नव्हत्या. रत्नागिरीचा, साताऱ्याचा माणूस बायको-पोरे गावी ठेवून यायचा. लग्न झालेला, पण इथे एकटाच. त्याच्यासाठी या शहराने काय काय उभे केले ते पाहा. एका गाळ्यात दहा-वीस माणसे, ज्याची त्याची ट्रंक आणि वळकटी; दिवसपाळीवाला उठला की त्याच जागी रात्रपाळीवाला आडवा. गावकीच्या मंडळाची खोली, भजनाचा ताफा, व्यायामशाळा, आणि दोन वेळच्या जेवणाला खानावळ. आपल्या माणसांना तिथेही जात आडवी आली. गिरणीत पाण्याचे मडके वेगळे, विणकामाच्या खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून तिथे प्रवेश नाही, दुसऱ्याच्या खानावळीत पंगत नाही. म्हणून आपल्या लोकांनी आपापल्या गावांच्या खोल्या आणि पंचायती उभ्या केल्या. पण त्याही पुरुषांच्याच. एकटेपणाचे ओझे वाटून घ्यायला पुरुषाला गाव होते.

आणि एकटी बाई? ती त्याच गिरणगावात होती. ती त्या खानावळीत स्वयंपाक करीत होती. खानावळ चालवणाऱ्यांत कितीतरी विधवा, कितीतरी नवऱ्याने टाकलेल्या. पहाटे चारला उठून पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, पैसे महिनाअखेरीला, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांच्या कामगारांत शेकडा वीसच्या आसपास स्त्रिया होत्या, मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. त्यांतही एकट्या कमावत्या बायका होत्या. पण पुढे यंत्रे बदलली, रात्रपाळी वाढली आणि कायद्याने रात्री बाईला काम नाही, तेव्हा पहिली कुऱ्हाड बायकांवर आली. पुरुषाला संसार ओढायचा असतो, बाईची मिळकत ही घरातली जोड, असा समज. जिच्या घरात ती जोडायला दुसरी मिळकतच नव्हती, ती बाई कुणाच्या हिशोबात आली नाही. एकटा पुरुष जेवणारा, एकटी बाई वाढणारी, अशी ही पंगत होती.

ती थोडी बदलली १९७५ साली, जेव्हा प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. तारण ठेवायला दागिना नाही, घर नावावर नाही, अशा बायकांना एकमेकींच्या जबाबदारीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. बँकेतली म्हणून मला याचा अभिमान वाटतो. १९८२चा संप झाला, नंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा कितीतरी घरे बायकांच्या पोळपाटावर तगली.

कायद्यानेही बाईचे लग्न आणि बाईची नोकरी यांची गाठ मारून ठेवली होती. मुंबईतल्या एका औषध कंपनीत नियम होता की नोकरीला अविवाहित मुलीच घ्यायच्या आणि लग्न झाले की नोकरी आपोआप संपली. पुरुषांना असा नियम नाही. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६५ साली तो नियम रद्द झाला. म्हणजे घरी एकटी राहिली तर बोल लावायचा आणि कारखान्यात एकटीच हवी, असा दुटप्पी कारभार! मुलाच्या नावाच्या गुंतवणुकीच्या अर्जावर पालक म्हणून आईची सही चालेना, हा वाद रिझर्व्ह बँकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि आईसुद्धा नैसर्गिक पालक असू शकते हे १९९९ साली ठरले. जी बाई एकटीने मूल वाढवते तिला त्या निकालाची किंमत ठाऊक आहे. आणि अगदी अलीकडचे, २०२४ची लाडकी बहीण योजना घ्या. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशा सगळ्या स्त्रिया पात्र. अविवाहित मात्र कुटुंबातली फक्त एक. दोन बहिणी बिनलग्नाच्या असतील तर एक लाडकी आणि दुसरी नावडती!

काउंटरवर मला रोज काय दिसते? नवरा गेलेली बाई खात्याचे काम घेऊन येते तेव्हा बरोबर दीर असतो, भाऊ असतो, पुतण्या असतो. फॉर्म तो घेतो, प्रश्नांची उत्तरे तो देतो, ती फक्त बोट दाखवलेल्या जागी सही करते. बायको गेलेला गृहस्थ येतो तो एकटाच. कोणाला विचारायचे नसते, पण त्याला घरात गॅसचे पुस्तक कुठे आहे तेही ठाऊक नसते. दोघेही पोरके, पण एकीला चार मालक मिळालेले आणि एकाला एकही माणूस नाही. २०११च्या जनगणनेत देशात सव्वाचार कोटींहून अधिक विधवा होत्या आणि विधुर सव्वा कोटीच्या आसपास. बाई वयाने लहान दिलेली असते, ती जगतेही जास्त, हे कारण आहेच. पण पुरुषाचे लग्न पुन्हा लागते आणि बाईचे लागत नाही, हेही तितकेच खरे कारण आहे.

आता थोडे आपल्या घरातले बोलते. राग मानू नका. १९३५ साली दादरच्या राजगृहात माता रमाई गेल्या. त्यानंतर तेरा वर्षे बाबासाहेब एकटे होते. त्या एकटेपणाबद्दल आपल्या समाजाच्या मनात फक्त हळहळ आहे, आणि ते योग्यच आहे. १९५६ साली बाबासाहेब गेले आणि माईसाहेब एकट्या राहिल्या. त्यांच्या वाट्याला हळहळ आली नाही, संशय आला. २००३ साली त्यांचे निधन झाले. सेहेचाळीस वर्षांचे वैधव्य त्या बाईंनी त्या संशयाखाली काढले. त्यांच्या हातून काय झाले, काय नाही, याचा वाद मी इथे उकरत नाही. मी एवढेच विचारते, तिथे विधवा नसून विधुर असता, तर आपण तसेच वागलो असतो का?

आपण हळदीकुंकू सोडले, कर्मकांड सोडले. पण मागच्या वर्षी आमच्याकडे एका बारशाला गेले होते. पाळण्याची दोरी धरायला बायका पुढे झाल्या. बाळाची सख्खी आत्या, तरुणपणीच नवरा गेलेली, भिंतीला टेकून उभी राहिली. तिला कोणी मागे हो म्हटले नव्हते. ती आपणहून मागे सरली होती. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे घडते, कारण ती भीती पोथीत नसते, पायात असते.

आपल्या धम्माची गोष्ट आठवा. शुद्धोदनाच्या पश्चात महाप्रजापती गौतमी शाक्य स्त्रियांना घेऊन अनवाणी वैशालीला चालत गेल्या. त्यांना आधी नकार मिळाला, आनंदांनी रदबदली केली, आणि भिक्षुणीसंघ उभा राहिला. त्यांच्यावर आठ जादा नियम लादले गेले असे विनयग्रंथात येते, तेही लपवायचे कारण नाही. पण नवऱ्याच्या, बापाच्या, मुलाच्या नावाशिवाय एकट्या बाईला मानाचा पत्ता मिळाला तो संघात. थेरीगाथेत त्या स्त्रिया स्वतःच्या नावाने बोलतात, कोणाची पत्नी म्हणून नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी जमले ते आपल्या सभासद नोंदवहीत का जमू नये?

इथे थांबले तर मात्र अर्धेच बोलले असे होईल. आमच्या खालच्या मजल्यावर एक मामा राहायचे. गिरणी बंद पडली, गावी रिकाम्या हाताने जायची लाज वाटली, तसेच राहिले. खानावळही बंद झाली होती. एक दिवस दुपारपर्यंत दार उघडले नाही तेव्हा लोकांच्या लक्षात आले. माझ्या दारावर एवढी वर्षे सगळ्यांची नजर होती. मामांच्या दारावर कोणाचीच नव्हती.

गेल्या पावसाळ्यात दादाला रात्री छातीत दुखू लागले. इस्पितळातून घरी आल्यावर एका संध्याकाळी गॅलरीत बसून तो म्हणाला, "तुला सगळे विचारतात, कुठे गेलीस, कधी आलीस, एकटी कशी राहशील. तुला त्याचा राग येतो. पण मला पन्नास वर्षांत कोणी विचारलं नाही गं, की तू कसा राहतोस." मला उत्तर देता आले नाही. डबा आणि सोबत या दोन्हींत काहीतरी कमी होते. त्याला जेवण मिळाले, पण चौकशी मिळाली नाही. माझी चौकशी झाली, पण विश्वास मिळाला नाही. बाईला सांभाळायचे म्हणजे तिच्यावर पहारा, आणि पुरुषाला मोकळे सोडायचे म्हणजे त्याला वाऱ्यावर, या दोन्ही चुका एकाच घरातून शिकवल्या जातात.

म्हणून संस्थेपुढे चार साध्या सूचना ठेवते. पैसा लागणार नाही.

पहिली, सभासद नोंदवहीत प्रत्येक स्त्रीचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने लिहा, वर्गणीची पावती तिच्या नावाने फाडा. 'कै. अमुक यांच्या पत्नी' असे लिहू नका. पत्रिकेत सर्वांना एकच उपपद लावा, नाहीतर कोणालाच लावू नका.

दुसरी, मंगलकार्यात, बारशाला, जयंतीला दीप लावायला आणि पाळणा हलवायला विधवा, परित्यक्ता, अविवाहित भगिनींना नावाने पुढे बोलवा. त्या आपणहून येणार नाहीत. त्यांना आणावे लागेल.

तिसरी, वधू-वर मेळाव्याच्या अर्जात विधुरासाठी जो रकाना आहे तोच विधवेसाठी ठेवा. मूल असलेला वर चालतो, तर मूल असलेली वधूही चालली पाहिजे.

चौथी, आपल्या विभागात साठीच्या पुढची एकटी राहणारी माणसे किती, स्त्रिया किती, पुरुष किती, याची यादी करा. दर रविवारी दोन तरुणांनी दार वाजवावे, "कसे आहात?" एवढेच विचारावे.

विद्यार्थी मित्रांना वेगळे सांगते. मुलांनो, भाकरी थापायला शिका. जो स्वतःची भाकरी करतो तो कोणाच्या बिचारेपणावर जगत नाही. मुलींनो, पहिल्या कमाईचे खाते स्वतःच्या नावाने उघडा, घराचे कागद वाचा, आपले नाव त्यात कुठे आहे ते आजच पाहा. मी ते वीस वर्षे उशिरा पाहिले. आता दादाने स्वतःहून अर्ज केला आहे. नव्या घराच्या कागदांवर दोघांची नावे असावीत, असे त्याने त्यात लिहिले आहे. अर्जात त्याने माझ्या नावामागे काहीच लावलेले नाही.

आणि हो, पत्रिकेचे काय झाले ते सांगायचे राहिले. चिटणीसांना मी म्हटले, "माझ्या नावामागे तुमच्यासारखंच काहीतरी छापा." त्यांनी बराच विचार केला आणि शेवटी आम्हा दोघांच्याही नावांमागे 'आयु.' छापले. आयुष्मान आणि आयुष्मती, दोन्हींचा संक्षेप एकच. आपल्याकडे शब्द होता, तो वापरायचे आपण विसरलो होतो.